साखर विनाकारण उतरू लागते तेव्हा : मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता एकत्र असलेल्या रुग्णाचा प्रकरण अभ्यास

मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली की घरापासून दवाखान्यापर्यंत सगळेच चौकशीला लागतात. तीच साखर औषधे, आहार आणि कामकाज यांत काहीही फरक न पडता उतरू लागली, तर मात्र ‘पथ्य चांगले पाळलेले दिसते’ अशा कौतुकावर बहुधा विषय संपतो. हे प्रकरण या दुसऱ्या प्रकारात मोडते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

रुग्ण ४७ वर्षांच्या गृहिणी असून नाशिकच्या सातपूर भागात राहतात आणि औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी घरगुती खानावळ चालवतात. दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, पहिल्या पाळीच्या मुलांचे डबे साडेसहाच्या आत भरावे लागतात, आणि रात्रीचे स्वतःचे जेवण दहाच्या आधी क्वचितच होते. टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन आठ वर्षे झाली होती. मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी एकदा, असे उपचार चालू होते. मागच्या दोन वर्षांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सातच्या थोडे वर राहिले होते, म्हणजे नियंत्रण बऱ्यापैकी होते.

नवरात्रात त्यांनी नेहमीप्रमाणे नऊ दिवसांचे उपवास धरले. पाचव्या दिवशी गॅसपुढे उभ्या असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने घरच्या ग्लुकोमीटरवर पाहिले तर साखर ५८ होती. ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर त्या पंधरा मिनिटांत सावरल्या. सगळ्यांनी दोष उपवासाला दिला आणि तो वरवर पाहता योग्यच होता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि ताटात भगर आहे की काहीच नाही, याची ते वाट पाहत नाही. पण दसरा झाला, दिवाळीचा फराळ झाला, जेवण पूर्ववत झाले, तरी दुपारच्या जेवणाआधी मीटर ६२, ६६, ७० असेच आकडे दाखवत राहिले. त्या वहीसह त्या माझ्याकडे आल्या.

सोबत प्रयोगशाळेचा ताजा अहवालही होता आणि त्यात एचबीए१सी ७.९ टक्के होते. या आकड्याचा अर्थ मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १८० असावी असा होतो. वहीतले उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे सगळे आकडे धरले तरी सरासरी १२५ च्या पुढे जात नव्हती. मीटर खोटे बोलते की अहवाल, हा मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. मीटरच्या आकड्याशी त्याच वेळी काढलेल्या शिरेतल्या रक्ताचा आकडा जुळला, म्हणजे मीटर बरोबर होते. मग एचबीए१सी फुगवणारे काहीतरी शरीरात असले पाहिजे आणि त्याच वेळी साखर उतरवणारेही काहीतरी असले पाहिजे. या दोन्ही गोष्टींना एकच कारण असू शकते का, या दिशेने पुढची चौकशी झाली.

तक्रारी विचारल्या तेव्हा त्या भराभर सांगता आल्या, कारण प्रत्येक तक्रारीला घरात आधीच एक उत्तर मिळालेले होते. थकवा येतो, तो शुगरमुळे. शौचाला साफ होत नाही, त्यावर रोज रात्री इसबगोल चालू. केस गळतात, ते बोअरच्या पाण्याने; त्यासाठी ओळखीतून मिळालेल्या बायोटिनच्या गोळ्या. थंडी फार वाजते, पण नाशिकला कोणाला वाजत नाही, आणि माहेर तर निफाड तालुक्यातले, जिथे हिवाळ्यात राज्यातले सर्वांत कमी तापमान अनेकदा नोंदले जाते! पाळी आठ-आठ दिवस चालते आणि जास्त जाते, ती आता ‘जायची वेळ झाली’ म्हणून. वजन वर्षभरात चार किलो वाढले, ते खानावळीत उभ्याउभ्या चाखण्याने. आवाज जड झाल्याचे मात्र त्यांच्या लक्षात आले नव्हते. ते सुनेने सांगितले.

एकेक उत्तर वेगळे घेतले तर त्यात वावगे काही नव्हते. अडचण अशी होती की सहा-सात उत्तरे सहा-सात ठिकाणांहून आली होती. मधुमेह आधीपासून असलेल्या व्यक्तीत थायरॉइडची कमतरता दडून राहते ती बरीचशी यामुळेच. थकवा, वजन, कोरडी त्वचा, हातापायांना मुंग्या, आखडलेला खांदा, मनगटातली नस दबल्याने बधिर होणारी बोटे, वाढलेले कोलेस्टेरॉल, यांतले काहीही दोहोंपैकी कोणत्याही आजारात असू शकते, आणि माहीत असलेल्या आजाराच्या खात्यावर ते टाकून देण्याचा मोह रुग्णाला होतो तसा डॉक्टरलाही होतो.

तपासणीत नाडी मिनिटाला ५६ होती. रक्तदाब १३६/९६ होता. वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा अधिक खटकणारा होता, आणि थायरॉइडच्या कमतरतेत असे चित्र दिसते. चेहरा व पापण्या किंचित सुजलेल्या होत्या, पायांवर बोट दाबल्यावर खड्डा पडत नव्हता. गळ्याशी ग्रंथी हाताला थोडी घट्ट लागत होती. सर्वांत बोलकी खूण घोट्याशी मिळाली. खुर्चीवर गुडघे टेकवून, पावले मागे मोकळी सोडून टाचेच्या वरच्या जाड कंडरेवर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर) हातोडी मारली, तेव्हा पाऊल झटक्याने हलले, पण मूळ जागी परतताना रेंगाळले. मधुमेहात नसा खराब झाल्या असतील तर ही प्रतिक्षिप्त क्रिया मंद होते किंवा मिळतच नाही. इथे ती व्यवस्थित मिळाली आणि सैल पडायला मात्र वेळ लागला. असा फरक कागदावरच्या अहवालात कधी दिसत नाही.

रक्ततपासणीआधी बायोटिनच्या गोळ्या तीन दिवस बंद करायला सांगितल्या. बायोटिन जास्त मात्रेत घेतले असता अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉइड कमी पडले की ते वाढते) खोटे कमी आणि टी४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) खोटे जास्त दिसू शकते, म्हणजे खरी कमतरता झाकली जाते. केसांसाठीच्या गोळ्यांना कोणी औषध समजत नाही, त्यामुळे त्यांची चौकशी मुद्दाम करावी लागते. अहवाल आला तेव्हा टीएसएच ४८ होते. नेहमीची वरची मर्यादा साधारण ४ ते ४.५ असते. मुक्त टी४ ०.५ म्हणजे स्पष्ट कमी होते. थायरॉइडविरोधी टीपीओ प्रतिपिंडे बरीच वाढलेली होती. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटण्याचा हा आजार जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा तळाला, बी१२ कमी, एलडीएल म्हणजे घातक कोलेस्टेरॉल १७८, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.२ असे बाकीचे चित्र होते.

आता साखर का उतरली, याची संगती लागते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की आतड्यातून ग्लुकोज सावकाश शोषले जाते, यकृत नवे ग्लुकोज कमी तयार करते, आणि शरीरातून इन्सुलिनचा निचराही मंदावतो. भूकही कमी होते. दुसऱ्या बाजूला स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, त्यामुळे थायरॉइडच्या कमतरतेने साखर नेहमी उतरतेच असे नाही. परंतु रुग्ण इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असेल, तर कालपर्यंत बेताची असलेली मात्रा आज जास्त ठरू शकते. या ताईंच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. गोळी तीच होती, तिला तोलून धरणारे शरीर बदलले होते.

एचबीए१सी फुगण्याची साखळीही त्याच आजारापर्यंत जाते. थायरॉइडच्या कमतरतेने पाळीतला रक्तस्राव वाढतो, रक्तस्रावाने लोह संपते. लोहाची आणि बी१२ ची कमतरता असली की तांबड्या पेशींची नवी भरती मंदावते, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते, आणि पेशी जितकी जुनी तितकी तिच्यावर साखर चढायला अवधी अधिक. त्यामुळे खरी साखर न वाढताही एचबीए१सी जास्त येते. हा अहवाल एकटा वाचला असता तर ग्लिमेपिराइडची मात्रा वाढवण्याचा निर्णय अगदी नियमाला धरून झाला असता, आणि तो धोकादायक ठरला असता. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांवर चढलेली साखर) तपासावे असे सुचवले जाते, पण थायरॉइड मंद असताना प्रथिनांची उलाढालही मंद असते, म्हणून तोही आकडा वर सरकतो. पुढचे काही महिने वहीतल्या मीटरच्या नोंदींवरच विसंबायचे, असे ठरले.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, सुरू करण्यापूर्वी सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक तपासले. याचे कारण थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हा टप्पा गाळला जाण्याची शक्यता बरीच असते. ज्या व्यक्तीत प्रतिकारयंत्रणा थायरॉइडवर उलटली आहे, तिच्यात ती क्वचित मूत्रपिंडांच्या वर असलेल्या या अधिवृक्क ग्रंथींवरही उलटते, आणि मधुमेहात अकारण उतरणारी साखर हे त्याही आजाराचे लक्षण असते. अधिवृक्क ग्रंथी दुबळ्या असताना त्याकडे लक्ष न देता थायरॉक्सिन दिले, तर जिवावर बेतू शकते. या रुग्णाचे वाढलेले वजन आणि रक्तदाब त्या आजाराच्या विरोधात बोलत होते. कॉर्टिसॉलही १७ म्हणजे समाधानकारक आले.

ग्लिमेपिराइड त्याच दिवशी थांबवले, मेटफॉर्मिन ठेवले. वजन ६६ किलो असल्याने किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने पूर्ण मात्रा शंभरच्या आसपास येते, पण मधुमेह आठ वर्षांचा, कोलेस्टेरॉल वाढलेले आणि हृदयावर अचानक भार नको, म्हणून ईसीजी ठीक असतानाही सुरुवात ५० मायक्रोग्रॅमने केली. दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनंतर त्यांच्या पोटऱ्या दुखत होत्या आणि सीपीके हे स्नायूंचे एन्झाइम वाढलेले होते. थायरॉइड मंद असताना स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या गोळीचा, स्नायूंना त्रास होण्याचा धोका वाढतो. शिवाय थायरॉइड सुधारले की एलडीएल काही अंशी आपोआप उतरते. ती गोळी तात्पुरती थांबवली.

सात आठवड्यांनी टीएसएच ३६ आले. ५० मायक्रोग्रॅमवर पूर्ण सुधारणा अपेक्षित नव्हती, पण उतार फारच तोकडा होता. मात्रा वाढवण्याआधी गोळी कशी घेतली जाते, ते क्रमवार सांगायला लावले. ‘डॉक्टर, उठल्याउठल्याच घेते की,’ असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. फक्त पित्ताची गोळी आणि थायरॉइडची गोळी एकदमच, आणि दोन्ही दुधाच्या चहाच्या घोटाबरोबर. मागोमाग, विसरायला नको म्हणून, लोहाची आणि गुडघ्यांसाठीची कॅल्शियमची. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, आणि त्यात व थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. पित्ताच्या गोळीने जठरातले आम्ल घटते, त्यानेही शोषण कमी होते. चहा-कॉफी, सोयाबीन आणि इसबगोलसारखे तंतू यांचाही अडथळा होतो. गोळ्यांचा डबा मात्र अतिशय टापटिपीचा होता. सकाळच्या कप्प्यात सगळे काही व्यवस्थित भरलेले होते, आणि गोंधळाचे मूळही त्याच कप्प्यात होते.

रात्री शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेणे हा मान्य पर्याय आहे, पण दहाला जेवून साडेचारला उठणाऱ्या बाईला रात्री एक वाजता गोळी घ्यायला सांगण्यात अर्थ नव्हता. ‘चहा घेतल्याशिवाय हात चालत नाहीत,’ हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. शेवटी कामांचा क्रम बदलला. गोळ्यांची बाटली मोरीजवळच्या नव्हे तर बिछान्याशेजारच्या कोरड्या फळीवर ठेवली, कारण ही गोळी ओल, ऊन आणि उष्णता सहन करत नाही. उठताच साध्या पाण्याबरोबर ती घ्यायची, मग आंघोळ, देवपूजा, कणीक मळणे, आणि त्यानंतर चहा. यात पाऊण ते एक तास सहज जातो. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्रीच्या जेवणाआधी, कारण ती दोघे एकमेकांच्याही आड येतात. इसबगोल रात्रीच राहिले. पित्ताच्या गोळीची गरजच उरली नव्हती. ती बंद केली. मेटफॉर्मिन नेहमीप्रमाणे जेवणाबरोबर. मात्रा ७५ केली.

मार्चच्या सुरुवातीला टीएसएच ९ वर आले. आवाज सुटला, शौच साफ होऊ लागले, पाळी पाच दिवसांवर आली. आणि उपाशीपोटीची साखर १०५ वरून १४८ वर गेली.

या टप्प्यावर उपचार मोडण्याच्या बेतात आले. द्राक्षांचा हंगाम होता, बहिणीच्या बागेतून क्रेट येत होते, त्यामुळे घरातल्या निम्म्या लोकांनी द्राक्षांना धरले. उरलेल्यांनी थायरॉइडच्या गोळीला धरले, कारण शेजारणीला कोणीतरी ‘या गोळीने शुगर वाढते’ असे सांगितले होते. ताईंनी गोळी आठवडाभर बंद ठेवली, काहीच फरक जाणवला नाही, आणि गोळीची गरजच नव्हती असा निष्कर्ष काढला. फरक जाणवणार नव्हताच. टी४ रक्तात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. आठवड्याभरात शरीर अजून साठ्यावरच चालू असते. द्राक्षांचा वाटा होता, पण ती दुपारी खाल्ली जात आणि पहाटेची साखर रोजच्या रोज वर होती, तेव्हा सगळे त्यांच्यावर ढकलता येत नव्हते.

त्यांना जे समजावले त्याचा मथितार्थ असा : दिवाळीतली ती सुंदर दिसणारी साखर तुमची नव्हती, ती दुसऱ्या आजाराने खाली ओढून धरलेली होती. यकृत आणि आतडी आता पुन्हा नेहमीच्या वेगाने काम करू लागली, म्हणून तुमचा मधुमेह जितका आहे तितका दिसू लागला; शिवाय ग्लिमेपिराइड आपण काढून घेतलेले आहे. त्यामुळे उपाय थायरॉइडची गोळी सोडण्यात नसून मधुमेहाचे उपचार नव्या परिस्थितीला जुळवून घेण्यात आहे. मुलाला हे लगेच पटले. ताईंना पटायला वहीतली नोव्हेंबर आणि मार्चची पाने शेजारीशेजारी ठेवावी लागली.

ग्लिमेपिराइड परत सुरू करण्याऐवजी सिटाग्लिप्टिन ही मधुमेहाची दुसरी गोळी निवडली. ते साखर चढलेली असतानाच प्रामुख्याने इन्सुलिन वाढवते, म्हणून उपाशीपणी साखर कोसळण्याची भीती कमी. आणि भारतात २०२२ मध्ये पेटंटची मुदत संपल्यापासून ते परवडणाऱ्या किमतीत मिळते. वजन कमी करणारी जीएलपी-१ इंजेक्शने थायरॉइडच्या रुग्णांना चालत नाहीत, असा एक गैरसमजही घरात आलेला होता. ती मनाई मेड्युलरी प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा स्वतःचा वा कुटुंबाचा इतिहास असलेल्यांसाठी आहे. साध्या कमतरतेशी तिचा संबंध नाही.

वजनाबाबत त्यांची थोडी निराशा झाली. चारपैकी जेमतेम दोन किलो उतरले, कारण थायरॉइडच्या कमतरतेने वाढलेल्या वजनातला मोठा भाग पाणी आणि मिठाचा असतो. तो गेला की बाकीचे काम आहार आणि चालण्याचेच उरते. कोबी, फ्लॉवर बंद करावे का, हा प्रश्न दर भेटीत निघे. शिजवलेल्या भाजीने, नेहमीच्या प्रमाणात, काही बिघडत नाही. आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधव वापरण्याचा सल्लाही त्यांना कोणी दिला होता. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ पासून राबवला जात आहे आणि मिठातले आयोडीन हा त्याचा कणा आहे. घराचे मीठ बदलण्याचे काहीच कारण नव्हते.

पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या म्हणून सोडून दिल्या नाहीत. अनेक वर्षे मेटफॉर्मिन, शाकाहार, आणि प्रतिकारयंत्रणेचा हा स्वभाव, जो कधीकधी जठरातल्या बी१२ शोषणाच्या व्यवस्थेवरही उलटतो, अशी तीन कारणे एकत्र होती. बी१२ ची इंजेक्शने दिल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या.

मात्रा १०० वर नेल्यानंतर मे अखेरीस टीएसएच २.८, हिमोग्लोबिन १२.१ आणि एलडीएल १३१ होते. क्रिएटिनिन ०.८ वर आले, म्हणजे आधीचा वाढलेला आकडा मूत्रपिंडाच्या मधुमेही आजाराचा नव्हता. लघवीतले अल्ब्युमिनही मर्यादेत आहे. स्टॅटिन कमी मात्रेत पुन्हा सुरू केले आणि पोटऱ्या दुखल्या नाहीत. एचबीए१सी ७.१ आले, पण लोहाच्या उपचाराने रक्तात नव्या पेशी भरल्यामुळे या वेळी तो आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसत असण्याचा संभव आहे, म्हणून ऑगस्टमधल्या अहवालापर्यंत मीटरची वही चालूच ठेवली आहे.

येत्या नवरात्रात उपवास करणारच, असे ताईंनी आधीच सांगून ठेवले आहे. थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर रोजच्या वेळी घ्यायची, साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही आणि शेंगदाण्याच्या आमटीसोबत बेताची भगर, मेटफॉर्मिन मुख्य फराळाबरोबर, आणि साखर ७० च्या खाली गेली तर त्या दिवसाचा उपवास तिथेच सोडायचा, या अटींवर संमती दिली आहे. निफाडच्या बहिणीचेही टीएसएच तपासून घेतले. ते ७.४ आहे, तिला मधुमेह नाही, आणि सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून मगच उपचारांचा निर्णय होईल.